कॅरिअरवरची उशी

माझी सून हॉलंडात बाळंत व्हायची होती, तेव्हा मी देवीला बोलले होते, "माय, पोरीची सुखरूप सुटका कर. दर शुक्रवारी आरती झाली की आळीतल्या मुलांना जवळ बसवून गोष्ट सांगेन." देवीने ऐकलं. आजची गोष्ट त्याच देशातली आहे, बाळांनो. जरा रडवणारी आहे, पण ऐका.

त्या सपाट, पाणथळ देशात एक शेळी लेकाकडे नव्यानेच राहायला आली. पाहते तो काय, सगळं गाव सायकलवर! बदकीण पुढच्या पेटीत पिल्लं भरून निघालेली, डुक्कर भर पावसात एका हाताने छत्री सावरत चाललेलं आणि चांगले पंख असलेला बगळासुद्धा सायकलनेच कचेरीत! शेळी तांबड्या रस्त्याने चालू लागली, तर मागून घंटांवर घंटा. "अगंबाई, आरती सुरू झाली वाटतं!" म्हणून ती मधोमध खुर जोडून, डोळे मिटून उभी राहिली. "अहो बाई, हा सायकलींचा रस्ता! चिरडून जाल," असं म्हणत शेजारच्या म्हाताऱ्या मेंढीने तिला कडेला ओढलं.

तेव्हापासून परक्या गावात शेळीला तेवढी एकच मैत्रीण. मेंढी रोज संध्याकाळी सायकल काढून म्हणे, "चल गं, तुला फुलांची शेतं दाखवते. मी निघाले की मागून पळत ये आणि कॅरिअरवर टुणकन उडी मार."

"इश्श! आमच्याकडे पाहुणीसाठी गाडी थांबते."

"माझे गुडघे गेलेत गं. ओझं घेऊन थांबल्या जागेवरून पुन्हा निघणं होत नाही मला."

"बघू उद्या," शेळी हसून म्हणे. खरं तर पडले तर लोक हसतील, हीच तिला धास्ती. मेंढी एकटीच जाई आणि तिच्यासाठी एक फूल घेऊन येई.

एक दिवस निरोप आला, की मेंढी बंधाऱ्यापलीकडे लेकीच्या घरी फार आजारी आहे, शेळीची आठवण काढते आहे. शेळी धावतच रस्त्यावर आली. तेवढ्यात बगळा आला. "मी तिकडेच निघालोय. मारा उडी!" शेळी दोन पावलं पळाली आणि थबकली. "थांबा ना जरा!" पण पाठीशी सोसाट्याचा वारा, बगळा थांबेपर्यंत पुलापलीकडे दिसेनासा झाला. शेळी रडत रडत पायीच निघाली.

ती पोहोचली तेव्हा मेंढीने डोळे मिटले होते. दाराशी तिची सायकल उभी होती. कॅरिअरवर मेंढीने स्वतःच्या लोकरीची नवी उशी बांधलेली. लेक म्हणाली, "आई म्हणायची, शेळीला टोचायला नको."

शेळी ती सायकल हातात धरून घरी घेऊन आली. पडत, धडपडत शिकली. आता फुलांच्या शेतांकडे निघाली, की वाटेत कुणी बावरलेलं नवखं दिसतं. मग ती वेग कमी करते आणि हाक मारते, "ये, मार उडी! मीही पडले होते."

तात्पर्य : परक्या गावची रीत पाहून हसू आलं तर हसावं, पण मायेने पुढे आलेला हात उद्यावर ढकलू नये. मी देवीला शब्द दिला, तसा आज तुम्हीही एक द्या, बाळांनो. कुणी हाक मारली तर लाजून मागे राहू नका, आणि उद्या वर्गात कुणी नवीन आलं तर आधी तुम्ही हाक मारा.