दहीभाताचे कारण

तुम्ही देता, हे मान्य आहे. पण देण्याआधी घेणाऱ्याला चारचौघांत उभे करता, त्याची जखम उघडायला लावता, ती पुरेशी खोल आहे की नाही हे वाकून पाहता, आणि मग कुठे तुमचा हात खिशात जातो. याला तुम्ही दान म्हणता. वर सांगता, आमचा कारभार पारदर्शक आहे.

एकदा एक कापडाचा व्यापारी नदीकाठच्या एका विद्यापीठात आला. ते विद्यापीठ सर्वांना सारखे अन्न आणि सारखा निवारा देई. पण सर्वांची ओझी सारखी नव्हती. कुणाला डोळ्यांनी दिसत नसे, त्याला ग्रंथ वाचून दाखवायला माणूस ठेवावा लागे. कुणाला आईबाप नव्हते, सुट्टी लागली की जायला घर नसे. कुणी शिकता शिकता पाठच्या भावंडांना पोसत होते. व्यापाऱ्याने हे पाहिले आणि त्याचे मन द्रवले. अशा विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी वेगळे द्रव्य देईन, असा शब्द त्याने वृद्ध आचार्यांना दिला. माणूस चांगला होता, हे आधीच सांगितलेले बरे.

व्यवस्था आचार्यांच्या पट्टशिष्याकडे आली. हा न्यायशास्त्राचा, म्हणजे तर्कविद्येचा विद्यार्थी, धूर दाखवल्याखेरीज अग्नी न मानणारा. त्याने नियम केला: ज्याला वेगळे साहाय्य हवे, त्याने अंगणातल्या पिंपळाच्या पारावर उभे राहून आपले कारण सर्वांसमोर सांगावे आणि दोन साक्षीदार आणावेत. म्हणजे लबाडीला जागा नाही आणि वशिल्यालाही नाही. व्यापाऱ्याला हा नियम फार आवडला.

ठरलेल्या दिवशी अंध विद्यार्थी पारावर चढला. मग एक लंगडत चालणारा चढला. ज्यांचे दुःख डोळ्यांना दिसत होते, त्यांना सांगायला फारसे काही उरलेच नव्हते. त्यांची नावे लगेच मान्य झाली. त्यानंतर एक विद्यार्थिनी पारापाशी आली. गणितात तिच्या तोडीचे तिथे कुणी नव्हते. तिने पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले, जमलेल्या माणसांकडे पाहिले आणि ती थांबली.

"अगं, बोल की!" गर्दीतून कुणी म्हणाले. "इथं परकं कोण आहे?"

तिने पाऊल मागे घेतले आणि ती निघून गेली.

संध्याकाळी ती आचार्यांच्या पाया पडायला आली. शिष्य तिथेच बसला होता.

"गुरुजी, उद्या निघते मी. या साहाय्यावाचून पुढचं जमणार नाही."

"खरं कारण असेल तर सांगायला हरकत काय आहे?" शिष्य मध्येच बोलला. "सत्याला लाज कसली?"

ती त्याच्याकडे वळली. "माझं एकटीचं असतं ना, तर पारावरच काय, छपरावर चढून ओरडले असते. ते माझ्या घरच्या माणसाचंही आहे. त्याला न विचारता मी ते वाटत फिरू?"

कारण काय होते? ते या कथेत येणार नाही. ते ऐकण्याचा अधिकार जसा त्या गर्दीला नव्हता, तसा तुम्हाआम्हालाही नाही.

आचार्य तिला एवढेच म्हणाले, "उद्या शेठजींच्या सन्मानाची पंगत आहे. जेवून जा."

ती गेल्यावर ते शिष्याकडे वळले. "उद्या तू वाढायला उभा राहा. सर्वांना सारखं वाढ. कुणी वेगळं काही मागितलं, तर तुझाच नियम लाव."

"पंगतीत? पंगतीत कशाला, गुरुजी?"

"नियम चांगला आहे ना? मग सगळीकडे चालायला हवा."

शिष्याला काही उमगले नाही. पण गुरूंची आज्ञा होती आणि नियम त्याचा स्वतःचा होता.

दुसऱ्या दिवशी अंगणात पंगत बसली. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलबी, मठ्ठा. मानाच्या पाटावर व्यापारी, समोरच्या रांगेत त्याची पत्नी. गावातली मोठी माणसे आली होती. विद्यार्थिनी शेवटच्या पाटावर बसली होती आणि तिचे गाठोडे अंगणाच्या दाराशी होते. शिष्य मसालेभाताचे पातेले घेऊन फिरू लागला. व्यापाऱ्यापाशी येताच त्याने पानावर आडवा हात धरला.

"मला हा नको. थोडा साधा दहीभात मिळाला तर बघा."

"कारण?" शिष्याने विचारले.

"अं? काही नाही हो. तब्येत जरा..."

"तब्येतीला काय झालंय?"

व्यापारी हसला. "वैद्यकीही शिकता वाटतं?"

"नाही. पण वेगळं मागणाऱ्यानं कारण सांगायचं, असा इथला नियम आहे. आपल्याला ठाऊकच आहे. पारावर यावं लागेल. आणि साक्षीदार दोन."

पंगतीत खसखस पिकली. गावचा एक सावकार जिलबी मोडत म्हणाला, "सांगून टाका शेठ! इथं परकं कोण आहे?"

"मूळ दुखणं कळलं तर आम्हीही एखादं औषध सुचवू!" दुसरा म्हणाला, आणि हशा वाढला.

व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू उतरले. त्याने पत्नीकडे पाहिले. तिने मान खाली घालून नजर पानावर खिळवली. मग तो पाट मागे सरकवून उठू लागला.

"राहू द्या. मला भूक नाही आज."

शिष्याच्या हातातला डाव पातेल्यावर थांबला. पायरीवरून मागे घेतलेले एक पाऊल त्याच्या डोळ्यांपुढे आले.

"शेठजी, बसा." आचार्य आपल्या पाटावरून उठून पुढे आले आणि त्यांनी हात जोडले. "अपराध माझा आहे. हे मीच करवलं. कोण अडकेल ते मला माहीत नव्हतं. पण एवढी माणसं जेवायला बसली की वेगळं मागणारा कुणीतरी निघतोच. तुमचं कारण मला ठाऊक नाही आणि मला ते नकोही आहे. एवढंच पाहा, कारण सांगण्यापेक्षा उपाशी उठणं तुम्हाला सोपं वाटलं. तुम्ही घरी जाऊन जेवाल. पण तुमच्या साहाय्याच्या पंगतीतूनही कुणीतरी असंच उठलं आहे, आणि त्या माणसाला दुसरं ताट नाही. ते कोण, हे मी सांगणार नाही."

सावकाराने जिलबी पानावर ठेवली.

शिष्य हळू आवाजात म्हणाला, "पण गुरुजी, न विचारता देत गेलो तर लबाडही पाटावर येऊन बसतील."

"विचारू नकोस असं कुठं म्हणतो मी? वैद्यही विचारतोच. पण दार लोटून घेऊन विचारतो. पारखायला एक माणूस पुरतो, बाळा. गर्दी जमते ती पारखायला नाही, बघायला."

व्यापारी पुन्हा पाटावर बसला. त्याने उपरण्याने तोंड पुसले.

"आचार्य, तो पारावरचा नियम काढून टाका. विचारणारं माणूस तुम्ही नेमा. पैसे योग्य ठिकाणी पोचले, एवढंच मला कळवा. कुणाला, ते नको." मग शिष्याकडे पाहून तो म्हणाला, "आणि आता तरी मिळेल का हो दहीभात?"

आता समोरच्या रांगेत त्याची पत्नीही हसली. शिष्य धावत आत गेला आणि दहीभाताची वाटी घेऊन आला.

पंगत उठली तेव्हा विद्यार्थिनी दारापाशी उभी होती. शिष्य तिच्याकडे गेला.

"संध्याकाळी गुरुजींच्या खोलीत जाशील?" तो म्हणाला. "मी तिथं नसेन. दुसरंही कुणी नसेल."

तिने होकारार्थी मान हलवली, गाठोडे उचलले आणि वसतिगृहाची वाट धरली.

ती वाट स्वयंपाकघरावरून जात होती. आचारीणबाई मागच्या ओट्यावर पातेली घासत होत्या. त्यांना ती दिसली, तिच्या काखेतले गाठोडेही दिसले. गाठोड्याबद्दल त्यांनी विचारले नाही.

"उद्या भाजी चिरायची पाळी तुझी आहे," त्या म्हणाल्या. "मागच्यासारखी उशिरा उगवू नकोस, सांगून ठेवते."