अल्फॉन्स साहेबांची लाइमिंगबंदी

त्रिनिदादमध्ये काही काम नसताना चार माणसं एकत्र बसून गप्पा मारतात, त्याला 'लाइमिंग' म्हणतात. एका गावच्या नगराध्यक्षांना, अल्फॉन्स साहेबांना, त्या शब्दाचंच वावडं. त्यांनी जाहीर केलं की लाइमिंग बंद होणार आणि मर्लिनच्या दुकानापुढचं बाकडं उचलणार.

मर्लिन तणतणत नगरपालिकेत गेली. आत समितीची बैठक चालली होती, म्हणून तिला बाहेर बसवलं. आत तीनदा चहा गेला, केक गेला, मग मोठा हशा ऐकू आला. दुपार झाली तेव्हा कुठे तिला बोलावलं.

"तूच सांग बाई," साहेब वैतागून म्हणाले, "हुकमात लिहायचं अडलंय. लाइमिंग म्हणजे नेमकं काय? सकाळपासून बसलोय, पण काही ठरतच नाही."

"आता आणखी काय सांगू, साहेब," मर्लिन म्हणाली. "सकाळपासून तुम्ही करताय ना, तेच. फक्त आमच्या बाकड्यावर बसायचा भत्ता मिळत नाही. आता आधी माझं बाकडं उचलताय की हे टेबल?"

त्या दिवशी समितीचा एकच ठराव झाला, तोही एकमताने: बाकडं आहे तिथेच राहू द्यावं.