सव्वा किलोचे माप

सत्य हेच ज्याचे रूप, त्या नारायणाला वंदन करून ही कथा सांगतो.

साताऱ्यात वत्सलाबाई राऊत कंदी पेढे करतात. पेपरात छापलेल्या युरोच्या भावाने हिशेब करून, गाठीचे सगळे पैसे त्यांनी लेकीच्या प्रवेशासाठी बँकेतून जर्मनीला धाडले. बँकेच्या फलकावर 'शुल्क शून्य' लिहिलेले होते. तरी पन्नास युरो कमी पोहोचले. दोन दिवसांत ते भरले नाहीत, तर जागा जाणार होती.

व्यवस्थापक कोल्हटकर म्हणाले, "बाई, शुल्क नाहीच. युरोचा भाव मात्र आमचा, बाजाराहून थोडा चढा. तुम्हाला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी बँकेत सत्यनारायण होता. प्रसादाचे सव्वा किलो पेढे वत्सलाबाईंनीच आणले. गुरुजींनी तोलून घेतले, तर किलोच भरले. प्रसाद सव्वाच्या मापाने हवा, म्हणून पूजा थांबली.

"पैसे तर सव्वाचे घेतलेत," कोल्हटकर खातेदारांसमोर म्हणाले.

"साहेब, तोलणावळ शून्य. सव्वा किलो मात्र आमच्या मापाचा, बाजाराहून थोडा हलका."

'शुल्क शून्य'च्या फलकाकडे पाहून खातेदार हसू लागले. कोल्हटकरांनी लगेच पन्नास युरो बँकेच्या खर्चाने धाडले. मग वत्सलाबाईंनी पिशवीतून पाव किलोचा पुडा काढून गुरुजींपुढे ठेवला.

लेकीला जागा मिळाली. ऐकणाऱ्या प्रत्येकाची लेकरे सुखरूप राहोत आणि घरोघरी नारायणाची कृपा नांदो.