प्रभाग नऊ : हरकती निरंक

विषय : अनुग्रह मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची तोंडी विनंती, सात वर्षांत अकरा वेळा.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदार म्हणजे मी, ग. वि. हेरवाडकर, त्या वेळी नगरपालिकेच्या नगररचना विभागात हेडक्लार्क. विनंती केली ती अक्कांना. नदीपलीकडचा मठ त्यांचा. मठ म्हणजे पत्र्याची एक पडवी आणि तिला एक दार.

“आणि सगळ्यांना विचारलंत?” अक्कांनी चिंचा फोडता फोडता विचारले.

“सगळ्या शहराला, अक्का. पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा आहे. लोकांना विचारल्याशिवाय कसा होईल?”

“कसं विचारलंत?”

मी सांगितले. दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना. कार्यालयात नकाशा. हरकती-सूचनांना तीस दिवसांची मुदत. अकराशे चाळीस कागद आले, प्रत्येकाला क्रमांक पडला, एकही हरवला नाही. हे मी बढाई वाटू नये अशा बेताने सांगितले. वाटलीच.

“नदीकाठचे लोक काय म्हणाले?”

नदीकाठी परीटगल्ली. तिथल्या वाळवणाच्या मैदानावरून आराखड्यात ऐंशी फुटी रस्ता दाखवला होता.

“प्रभाग नऊ निरंक.”

“म्हणजे?”

“एकही हरकत आली नाही. मुदतीत आली नाही की लोकांची संमती आहे असं धरतात.”

“कोण धरतं?”

“आम्ही.”

अक्कांनी एक चिंचोका काढून बाजूला टाकला...

“बरं,” त्या म्हणाल्या. “आज तुमचं काम करून टाकू. उभे राहा दारात.”

मठाची रीत अशी की अनुग्रह घेणाऱ्याने दारात उभे राहायचे. अक्का त्याचे नाव तीन वेळा पुकारतात आणि जमलेल्यांना विचारतात, कुणाचं काही म्हणणं आहे का. नसले तर अनुग्रह. एका गिरणीवाल्याला त्याच्या बायकोनेच अडवले होते. तो पुढे फार सुधारला, असे तो सांगतो. बायकोला कुणी विचारलेले नाही.

मी दारात उभा राहिलो. गुरुवार होता, प्रसादाला वीसेक माणसे होती. भिंतीशी कोंडाबाई राऊत बसली होती. परीटगल्लीतली. मी पत्रे किती जुने झाले आहेत ते पाहू लागलो.

“गजानन हेरवाडकर. कुणाचं काही म्हणणं?”

...

“गजानन हेरवाडकर.”

...

तिसऱ्यांदाही कुणी बोलले नाही.

“निरंक, अक्का,” मी म्हणालो. सात वर्षांची इच्छा होती. आवाज जरा चढलाच.

अक्कांनी हात पुसले. “कोंडाबाई, तू खाली का बघतेस?”

“काय न्हाई, अक्का. हितं बी लेखीच द्यायचं असंल.”

कुणीतरी हसले.

“लेखी कशाला?”

“मी गेलते की हापिसात. येकवीस तारखेला. सायेब म्हनले, तोंडी चालत न्हाई. म्या म्हनलं, मला लिवाय येत न्हाई. तर म्हनले, लिवनारा घिऊन या.”

“कोण साहेब?”

कोंडाबाईने माझ्याकडे बोट केले नाही. पदर सारखा केला.

“मग नेला नाहीस लिहिणारा?”

“लिवनारी समदी कामावर असत्यात दिवसाची. पुन्यांदा येकटीच गेले, तवा सायेब जेवाय गेलते. माज्या धुन्याचा निम्मा दिस गेला, मग म्हनलं ऱ्हाऊ दे.”

अक्का माझ्याकडे वळल्या.

“एकवीस तारखेला तुमच्या खिशात पेन होतं?”

माझा हात खिशावर गेला.

“होतं.”

“एकच?”

“तीन.”

अक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरचे मागच्या महिन्याचे पान फाडले आणि कोरी बाजू वर करून माझ्यापुढे धरले.

“घ्या लिहून.”

मी उंबऱ्यावर बसलो. तेहतीस वर्षांत मी पुष्कळ मजकूर लिहून घेतला, पण सांगणारा माणूस नेहमी माझ्याहून वरच्या हुद्द्याचा असे.

कोंडाबाई सांगत होती. बेचाळीस घरांच्या दोऱ्या त्या मैदानावर आहेत. सरकारी दवाखान्याच्या चादरी तिथेच वाळतात. ऊन आणि वारा दोन्ही लागतात आणि धूळ येत नाही, अशी जागा आसपास दुसरी नाही.

“रस्त्याला आमी नगं म्हनत न्हाई, सायेब. दोऱ्यांच्या पल्याडनं न्या की. तितं गवताबिगर काय न्हाई.”

माझे पेन थांबले. पलीकडे खरोखरच पड जमीन होती, आणि तीही पालिकेचीच. तो नकाशा मी निदान चाळीस वेळा उलगडला असेन. अकराशे चाळीस कागदांत इतकी कामाची सूचना दुसरी नव्हती, आणि ही त्यांत नव्हती.

“अंगठा,” मी म्हणालो.

शाईचा पॅड नव्हता. मी निळे पेन उघडून तिच्या अंगठ्याला शाई फासली आणि अंगठा कागदावर दाबला. नुसता एक गोल डाग उठला. पुन्हा दाबला. पुन्हा डाग.

“ठसा उमटत नाही,” मी सवयीने म्हणालो. “रेघा दिसायला हव्यात.”

“सोड्यानं खाल्ल्या, सायेब,” कोंडाबाई म्हणाली. जणू तिचीच चूक.

मी मान वर केली नाही.

“सोमवारी हा कागद तुमच्या साहेबांना द्या,” अक्का म्हणाल्या. “मग तुमचं बघू.”

सोमवारी सुनावणीची यादी साहेबांच्या सहीला जायची होती. यादीत नाव असेल त्याचेच म्हणणे ऐकले जाणार होते. मी कॅलेंडरचे पान साहेबांपुढे ठेवले.

“हे काय, हेरवाडकर?”

“प्रभाग नऊ, साहेब. सूचना आहे. चांगली आहे.”

“मुदतीत आलीय?”

मुदत पंचवीस तारखेला संपली होती. पण इथे आमच्या शाखेची एक पद्धत सांगितली पाहिजे. आवक नोंदवहीत रोज शेवटच्या दोन ओळी मी कोऱ्या सोडत असे. एखाद्या नगरसेवकाचा मेहुणा मुदतीनंतर कागद घेऊन आला तर त्याला मागची तारीख मिळावी, म्हणून. एकवीस तारखेच्या दोन्ही ओळी कोऱ्या होत्या. आणि एकवीस तारखेला कोंडाबाई आली होती, हे खरे होते. त्या ओळींत जन्मात एकदा खरी नोंद पडली असती.

“हेरवाडकर, मुदतीत आलीय का?”

“नाही, साहेब.”

साहेबांनी पानावर ‘मुदतबाह्य’ असा शेरा मारला. मी ते पान क्रमवारीने फाइलला लावले.

पुढच्या गुरुवारी मी अक्कांना सारे सांगितले. कोऱ्या ओळींचेही सांगितले. कोंडाबाई तिथेच होती.

“नियमाबाहेर कसं जायचं, असं वाटलं,” मी म्हणालो.

“मेहुण्यांच्या वेळी काय वाटायचं?” अक्कांनी विचारले.

“जाऊ द्या, अक्का,” कोंडाबाई म्हणाली. “सायेब, च्या घ्या. निवतूया.”

मी चहा घेतला. न घेऊन कुणावर उपकार करणार होतो?

त्यानंतर आराखडा मंजूर झाला आणि मीही निवृत्त झालो. रस्ता अजून झालेला नाही. आखणीचे दगड मात्र मैदानात दोऱ्यांच्या मधोमध रोवले आहेत, आणि परीटगल्लीतल्या बायका त्यांच्यावर पायपुसणी वाळत घालतात. काम कधी सुरू होईल ते कुणाला माहीत नाही. विचारायला गेले तर लेखी द्या म्हणतात. आता त्या खुर्चीत दुसरा हेडक्लार्क आहे. मीच शिकवलेला.

मी दर गुरुवारी मठात जातो. परवा धीर करून विचारले.

“अक्का, माझ्या अर्जाचं काय झालं?”

“प्रलंबित आहे,” अक्का म्हणाल्या. “जरा दारातून बाजूला व्हा, हेरवाडकर. लोकांना आत येता येत नाहीये.”