धाकूचा तंतोतंत अंदाज

समुद्राला खेटून वायंगीबंदर नावाचं एक छोटं शहर होतं आणि त्या शहरात धाकू नावाचा एक भोळा माणूस होता. किती भोळा? ‘इथं जरा थांब’ असं सांगून कुणी विसरून गेलं, तर तो दिवेलागणीपर्यंत तिथंच उभा राहायचा.

धाकूला द्वारकामावशीनं वाढवलं होतं. मावशीला दमा होता. किनाऱ्यावर सुरूचं दाट बन होतं. माघ लागला की सुरूच्या तुऱ्यांमधून पराग उडायचे, अगदी बारीक पिवळी पूड, आणि मावशीच्या छातीत शिट्ट्या वाजायला लागायच्या. नेमका त्याच माघात त्याच बनात सागर महोत्सव भरायचा. तिथं घावन-सोलकढीचा ठेला लावावा, ही मावशीची एकच हौस. दरवर्षी ती हौस तोंडावर पदर घेऊन घरात वाफारा घेत बसायची.

त्या वर्षी नगरपरिषदेनं शहराची हवा मोजायचं ठरवलं. छपरावर मलम लावलेली काच ठेवायची. वाऱ्यानं तिच्यावर पराग चिकटतील. ते मुख्याधिकारी चौबळसाहेब भिंगातून मोजतील. कमी असले तर चौकात हिरवा झेंडा लागेल, जास्त असले तर लाल. काच ने-आण करायला धाकूला ठेवलं.

साहेब म्हणाले, “काच सरकारी आहे. स्वच्छ ठेवायची.”

“हो साहेब.”

सकाळी धाकूनं काच खाली आणली, सदऱ्यानं लख्ख पुसली आणि साहेबांपुढे ठेवली. साहेबांना भिंगातून फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. चौकात हिरवा झेंडा लागला. मावशी हौसेनं ठेल्याची जागा बघायला बनात गेली आणि परत आली ती शेजाऱ्याच्या रिक्षातून, धापा टाकत.

“अरे शहाण्या,” साहेब म्हणाले, “काचेवर बसलेलं कधी पुसायचं नाही. ते बसावं म्हणून तर काच आहे.”

“हो साहेब.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी जीप धुवायला सांगितली. धाकूनं टायर धुतले, टप धुतला, हॉर्नसुद्धा धुतला. फक्त पुढच्या काचेला हात लावला नाही. तिच्यावर मीठ बसलं होतं, धूळ बसली होती, कावळाही बसून गेला होता. साहेब जीप घेऊन निघाले ते थेट बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांमध्ये शिरले.

गळ्यातले बोंबील काढत साहेब म्हणाले, “नीट दिसत नसेल तर पुढं जायचं नाही. जागच्या जागी थांबायचं. कळलं?”

“कळलं साहेब.”

मग धाकू छपरावर गेला. त्यानं काच डोळ्यांजवळ नेली. पराग काही दिसेनात. नुसत्या डोळ्यांना ते दिसतच नाहीत. धाकू जागच्या जागी थांबला.

चौकात झेंडा लागला नाही. जन्मभर झेंड्याशिवाय हिंडलेलं गाव आपापल्या दारातच थांबून राहिलं. कोळणींनी पाट्या झाकून ठेवल्या. शाळेत मुलं गेली नाहीत, म्हणून मास्तरही गेले नाहीत. “श्वास घ्यायला हरकत नाही ना?” असं एका आजोबांनी नगरपरिषदेत फोन करून विचारलं. त्यांना अर्ज करायला सांगण्यात आलं.

दुपारी साहेब शिडी चढून वर आले. “इथं काय करतोयस?”

“थांबलोय. दिसत नाही.”

“दिसत नसेल तर अंदाज लिहायचा, बाबा! काल होतं तेच आज, असं फळ्यावर लिहायचं आणि मोकळं व्हायचं.”

“आणि तसं झालं नाही तर?”

साहेब गंभीर झाले. “धाकू, सरकारी अंदाज खोटा पडू द्यायचा नसतो.”

“हो साहेब.”

महोत्सव शनिवार-रविवार होता. साहेबांनी बजावलं, “पाहुण्यांनी समई लावायच्या आत हवा स्वच्छ हवी. हवेत काही उरता कामा नये.”

धाकूनं विचार केला. झाडावरच काही उरलं नाही, तर हवेत येणार कुठून? चिंचा झोडपतात तसे तुरे झोडपून काढावेत. शनिवारी पाहुणे बनात खुर्च्यांवर बसले. समई अजून लागायची होती. धाकू लांब बांबू घेऊन निघाला आणि एकेक झाड झोडपत गेला. मावशीच्या ठेल्यावरचं मोठं झाड तेवढं त्यानं सोडलं. खाली तिनं आशेनं आधीच पाठवलेली भांडी होती.

पिवळा ढग उतरला. साहेब माइकवर म्हणाले, “आपल्या शहराची शुद्ध हवा...” पुढचं भाषण शिंकांमध्येच झालं. पाहुण्यांनी समई लावली ती तीनदा शिंकेनं विझली.

पण संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला. सगळी पूड उडून गेली. बाकीची झाडं तर रिकामीच होती. रविवारी सकाळी मावशी बनात आली, तिनं भीतभीत एक श्वास घेतला, मग दुसरा घेतला. छाती वाजली नाही. तिनं तवा ठेवला. पहिलं घावन तव्यावर पडलं आणि ठेल्यापुढे रांग लागली.

तेवढ्यात धाकू बांबू घेऊन आला.

“मावशी, तू घरी जा.”

“का रे मेल्या? किती वर्षांनी बसलेय. हवा बघ कशी छान आहे.”

“तेच तर,” धाकू काळजीनं म्हणाला. “काल लाल होती. म्हणून मी इथल्या फळ्यावर आजचा अंदाज लाल लिहिलाय. तो खोटा पडू द्यायचा नसतो.”

आणि त्यानं ठेल्यावरचं मोठं झाड झोडपलं.

मावशी नाकाला पदर लावून पळाली. हळद न घालता घावनं पिवळी झाली. रांगेतली माणसं शिंकत शिंकत फळ्याकडे बघून म्हणाली, “काही म्हणा, अंदाज बरोबर निघाला.”

संध्याकाळी अचूक अंदाजाबद्दल चौबळसाहेबांचा सत्कार झाला. मावशी घरात वाफारा घेत होती. तिच्या पाठीवरून हात फिरवत धाकू म्हणाला, “मावशी, उद्याही लालच लिहिलंय. इथली झाडं संपली, पण घाबरू नकोस. पलीकडच्या गावातून तुरे आणायला साहेबांनी टेम्पो सांगितलाय.”