दुर्पताची बंद मूठ

चिचटोला गावाच्या मागे जंगल होतं आणि जंगलाच्या तोंडाशीच मोहाचं एक म्हातारं झाड होतं. होळी जवळ आली की पहाटे पहाटे त्याची फुलं टपटप गळायची. साईच्या रंगाची, गोलमटोल, मधासारखी गोड फुलं! सगळा गाव टोपल्या घेऊन धावायचा.

पण दुर्पताला ती फुलं आवडायची नाहीत. फुलं वेचायची तिने, विकायची तिने, आणि गावातला भट्टीवाला त्यांचीच दारू गाळून तिच्या बाबाला पाजणार! दहा वर्षांच्या मुलीला एवढं कळत होतं. पण फुलं विकली नाहीत तर घरात चूल पेटत नव्हती.

तिचा बाबा, लहानू, जीप चालवायचा. मागच्या वर्षी तो पिऊन निघाला आणि ओढ्याच्या पुलावरून जीप खाली गेली. आत दुर्पताची आई होती. तेव्हापासून तिचा उजवा पाय वाकत नाही. लहानूने त्या दिवशी आपल्या थोबाडीत मारून घेतलं, शपथा घेतल्या. महिन्याभरात बाटली परत घरात आली.

त्या दिवशीही दुर्पता पहाटे झाडाखाली आली. फुलं नीट दिसावीत म्हणून लोक आदल्या दिवशीच झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. दुर्पता कधीच पेटवायची नाही. पाचोळ्यात मुंग्यांची पिल्लं असतात, इवलाली गोगलगाय असते, एखादं घरट्यातून पडलेलं पाखरू असतं. ती आपली बसून हाताने एकेक पान बाजूला करायची. नखं काळी व्हायची, टोपली अर्धीच भरायची आणि बाकीच्या बायका तिला हसायच्या.

तिने एक मोठं पान उचललं आणि खाली झगमग झालं. पानाखाली एक परी बसली होती! खारीएवढी. अंगात मोहफुलाचा फिक्कट पिवळा झगा, पंखांवर दवाचे थेंब, आणि डोळे मात्र रडून लाल झालेले.

"घाबरू नकोस गं राणी," परी म्हणाली. "मी याच झाडाची. सगळे माझ्या पायाशी आग लावतात. तू एकटीच हात काळे करतेस. माग, काय हवं ते. पण एकच."

दुर्पताला विचार करावाच लागला नाही. "माह्या बाबाची दारू सोडव!"

"ते मला येत नाही. दुसऱ्याच्या मनात माझी जादू शिरत नाही."

"मग माह्या मायचा पाय पयल्यासारखा कर."

"झालेलं मागे फिरवता येत नाही, बाळ."

"मंग तू कोन्या कामाची?" दुर्पता चिडली. तिचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

परीने मान खाली घातली. "माझी जादू मागणाऱ्याच्या अंगावरच चालते. सुंदर केस माग, गोड गळा माग. तुझं जे आहे, त्याच्यासाठी माग."

तेवढ्यात गावातून जीपचा हॉर्न ऐकू आला. आज दहावीचा पहिला पेपर! गावातली नऊ मुलं बाबाच्या जीपमधून तालुक्याला जाणार होती, त्याच पुलावरून. आणि ती घरातून निघाली तेव्हा बाबाने उशाशी ठेवलेली बाटली तोंडाला लावली होती.

आता इथे एक सांगायला हवं. लहानूची एक रीत होती. जीपला पहिलं कुंकू दुर्पताने लावायचं आणि किल्ली दुर्पताच्या हातून घ्यायची. लेकीच्या हाताला यश आहे असं तो सगळ्यांना सांगायचा. पुलावरून जीप पडली, त्या दिवशी दुर्पता आजोळी होती, म्हणून तर त्याची खात्रीच पटली. दोष दारूचा होता, हे मात्र त्याने कधी कबूल केलं नाही! तेव्हापासून किल्ली तिच्याच गळ्यात असायची.

दुर्पताने गळ्यातली किल्ली काढली आणि मुठीत धरली.

"माही मूठ उघडू देऊ नोको," ती म्हणाली. "कोनी मारलं तरी."

परी दचकली. "मग ती सहज उघडणार नाही, सोन्या. एका फुलोऱ्यापासून पुढच्या फुलोऱ्यापर्यंत तुझ्या बाबाने थेंबही घेतला नाही, तरच उघडेल. तुझा उजवा हात आहे तो. लिहिशील कशी? जेवशील कशी?"

"डाव्या हातानं."

परीने मुठीवर ओठ टेकले. मूठ दगडासारखी घट्ट झाली.

जीपमध्ये मुलं पॅड मांडीवर घेऊन बसली होती. लहानू बोनेटला टेकून डुलत होता. "दे व पोट्टे किल्ली. टाइम होऊन रायला."

"नाई देत. बाबा, तुमी पेले हा."

"थोडीशीच घेतली. आन इकडे."

त्याने तिची बोटं ओढली, पिरगाळली. मूठ उघडेना. मग त्याने हात उगारला. मुलं जीपमधून बघत होती. आई भिंतीचा आधार घेत, पाय ओढत आली आणि मध्ये उभी राहिली.

"मले मारा," ती म्हणाली. "एक पाय तं गेलाच हाये."

लहानूचा हात तसाच वर राहिला.

पोलीस पाटलांनी ट्रॅक्टर काढला. मुलं दहा मिनिटं उशिरा पोहोचली, पण पेपरला बसली. आणि त्या दिवशी पुलावर काहीच झालं नाही.

दुपारी नशा उतरल्यावर लहानूने पाहिलं, तर दुर्पता डाव्या हाताने भात खात होती आणि निम्मा भात सांडत होता. तिने सगळं सांगितलं. तो मोठ्याने रडला आणि त्याने तिला भरवलं.

तुम्हाला वाटेल, झालं, सुटली दारू! नाही सुटली. जीप दारातच उभी होती, आणि पोळ्यापर्यंत तो न पिता राहिला. पोळ्याला मित्रांनी आग्रह केला आणि तो प्यायला. तेव्हा दुर्पताची मूठ आणखी आवळली आणि किल्लीचे दाते तळव्यात रुतले. ती ओरडली नाही, पण लहानूला तिच्या बोटांतून रक्त दिसलं.

पुढच्या होळीला मोह फुलला, गळला. मूठ मिटलेलीच राहिली. लहानू झाडाखाली बसून म्हणाला, "पेलो मी आन् भोगते माही लेक." दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून तालुक्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेला. तिथे त्याचे हात थरथरले, तो रात्र रात्र ओरडला. परत आल्यावर भट्टीच्या रस्त्याने जाणं त्याने सोडलं. पोळ्याच्या दिवशी तो दार लावून घरात बसला आणि दुर्पताला म्हणाला, "इथंच बस माह्यापाशी. मले भेव वाटते." ती बसली. डाव्या हाताने तिने त्याचा हात धरून ठेवला.

मग पुन्हा होळी जवळ आली. पहाटे दोघं झाडाखाली गेली. लहानू गुडघ्यांवर बसून हाताने एकेक पान बाजूला करू लागला. वरून एक फूल गळलं आणि दुर्पताच्या मुठीवर पडलं.

बोटं हळूहळू उघडली. करंगळी, मग तिच्याजवळचं बोट, मग सगळी. तळव्यावर किल्लीचा खोल वण होता आणि किल्ली सोन्यासारखी चमकत होती. परी पानांतून वर आली. आता तिचे डोळे लाल नव्हते.

"हा वण काढून टाकू?" तिने विचारलं.

"झालेलं मागं फिरत नाई ना?" दुर्पता म्हणाली. "राहू दे. बाबाले दिसला पायजे."

परी हसली. सगळं झाड पिवळ्या उजेडाने भरून गेलं, फुलं झरझर झरली, आणि उजेड विरला तेव्हा परी नव्हती.

घरी आल्यावर दुर्पताने जीपला कुंकू लावलं. लहानूने हात पुढे केला. तिने किल्ली पाठीमागे लपवली.

"आधी आ करा, बाबा."

लहानू वाकला आणि त्याने तोंड उघडलं. दुर्पताने वास घेतला. नुसत्या चहाचा होता. मग तिने वण असलेल्या हाताने किल्ली दिली.