सहा नंबरच्या टेबलावरचा चमचा

एकदा एक राजा होता, असं म्हणून गोष्ट सुरू करायची आपली रीत आहे. माझ्या गोष्टीत राजा नाही. एक म्हातारा वाढपी आहे आणि त्याचा एक अतिशहाणा शिष्य आहे. तो शिष्य कोण, हे ज्यांच्या लक्षात येईल त्यांनी कृपा करून गप्प बसावं. गप्प बसता येणं ही केवढी विद्या आहे, तेच तर आज सांगायचं आहे.

वेरूळच्या लेण्यांपासून तासाभराच्या अंतरावर तेव्हा एक हॉटेल होतं. आज तिथं काचेची उंच इमारत उभी आहे आणि पाहुण्याच्या हातातला फोनच दुभाष्याचं काम करतो. तेव्हा असलं काही नव्हतं. पुढं कडुनिंबाची तीन झाडं होती, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या आणि सकाळी जेवणघरात भाजलेल्या पावाचा खरपूस वास दरवळत असे. हिवाळा लागला की जर्मन, फ्रेंच, जपानी पाहुण्यांनी ते घर भरून जाई. तो वास अजूनही अधूनमधून येतो, आणि मग माझं दिवसभर कशात म्हणून लक्ष लागत नाही.

रखमाजी हे तिथले कॅप्टन. जहाजावरचे नव्हेत हो. हॉटेलात वाढप्यांच्या मुख्याला कॅप्टन म्हणतात. शिक्षण इयत्ता चौथी. पण त्यांच्या लहानपणी लेण्यांतल्या मूर्तींची चित्रं काढायला एक जर्मन बाई ओळीनं अकरा हिवाळे येत असे, आणि तिच्याशेजारी कंदील धरून उभं राहायचं काम यांच्याकडे होतं. त्या अकरा हिवाळ्यांत रखमाजी अशी जर्मन शिकले, की डोळे मिटून ऐकणारा फसावा.

त्यांची एक रीत मात्र शिष्याला काही केल्या उमगत नसे. जर्मन पाहुणा टेबलाशी येऊन बसला की रखमाजी नमस्कार करत आणि त्याच्या भाषेत एकच वाक्य म्हणत, "मला आपली भाषा समजते." एवढं बोलून ते मुके होत. पाहुण्यानं आपण होऊन विचारलं तरच पुढचा शब्द, एरवी नाही.

शिष्याला याचं हसू येई. त्यानं ही भाषा घाम गाळून मिळवली होती. दर रविवारी एसटीनं शहरात जायचं, एका निवृत्त प्राध्यापकांच्या ओसरीवर शिकवणी घ्यायची, येताना उभ्यानं पाठ म्हणायचे. न्हाणीघरातल्या आरशासमोर तोंड वेडंवाकडं करून उच्चार घोटताना आईनं पाहिलं, तेव्हा तिनं दृष्टसुद्धा काढली होती! एवढी विद्या कमवायची आणि कुलूप लावून ठेवायची, हे कुठलं शहाणपण?

त्यातच त्या वर्षी मालकांनी ठरवलं, की एका वाढप्याला दोन वर्षं परदेशातल्या मोठ्या हॉटेलात शिकायला पाठवायचं. अट एकच, जर्मन भाषा यायला हवी. नाव मॅनेजर पिंगळेसाहेब कळवणार, पण कागदावर सही कॅप्टनची लागणार. शिष्याचं सगळं आयुष्य त्या एका सहीवर येऊन थांबलं. आईनं तर आळीभर सांगूनही टाकलं होतं की पोरगा विमानानं जाणार.

अशात रखमाजी भाचीच्या लग्नाला कन्नड गावी गेले, आणि त्याच दिवशी सहा नंबरच्या टेबलावर एक वृद्ध जर्मन जोडपं येऊन बसलं. टेबल शिष्याकडे आलं. त्यानं मनाशी बेत केला. आपल्याला जर्मन येतं हे सांगायचंच नाही. पाण्याचा जग घेऊन मागं उभं राहायचं, कान टवकारायचे आणि कानावर पडेल ते आत जाऊन वहीत टिपायचं. घरबसल्या अस्सल उच्चार, आणि तेही फुकट!

त्या जोडप्याची एक सवय होती. जेवताना म्हातारा टेबलावरची एखादी वस्तू दाखवी आणि हळूच विचारी, "हे काय?" बाई उत्तर देई. मीठ. पाव. खिडकी. कधी ती बराच वेळ थांबे, तेव्हा म्हाताराही थांबे. शिष्याची वही भराभर भरत होती. जणू त्याच्यासाठीच वर्ग भरला होता. एका जर्मन माणसानं आपल्या जर्मन बायकोला पावाला काय म्हणतात ते का विचारावं, हा प्रश्न त्या शहाण्याला तीन दिवसांत एकदाही पडला नाही.

चौथ्या दिवशी, दुपारच्या जेवणाला, म्हाताऱ्यानं चमचा उचलला. "हे काय?"

बाई चमच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. शब्द येईना. म्हातारा चमचा धरून शांत बसला होता. गल्ल्याशी पिंगळेसाहेब उभे होते आणि त्यांचं लक्ष इकडेच होतं. शिष्याला राहवलं नाही. बाईच्या खांद्यामागून त्यानं तो शब्द सांगितला, खणखणीत, बिनचूक.

बाई वळली. न्हाणीघराचं दार कुणी अवचित उघडावं तसा तिचा चेहरा झाला. तिनं मांडीवरचा रुमाल टेबलावर ठेवला. म्हाताऱ्यानं तिचा हात धरला, आणि ती दोघं भरल्या ताटावरून उठून गेली.

त्या क्षणी शिष्याला सगळं कळलं. ती शिकवणी नव्हती. बाईची भाषा तिच्या हातून निसटत चालली होती, आणि तिचा नवरा दर जेवणाला ती थोडी थोडी धरून ठेवत होता. इथं आपलं बोलणं कुणाला कळत नाही, एवढ्या विश्वासावर ती दोघं उघड्यावर हे करत होती.

पिंगळेसाहेबांनी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! काय उच्चार! तूच जाणार." शिष्याला त्या दिवशी घास गोड लागला नाही. संध्याकाळी सहा नंबरचं टेबल रिकामंच राहिलं.

लग्न आटोपून रखमाजी परतले. साहेबांनी कागद पुढं केला, "करा सही, कॅप्टन. पोराला फाडफाड जर्मन येतं." रखमाजींनी शिष्याकडे पाहिलं. त्याचा उतरलेला चेहरा बघून त्याला बाजूला घेतलं, काय घडलं ते सगळं ऐकून घेतलं आणि कागद साहेबांना परत दिला.

"साहेब, याला अजून भाषा येत नाही."

शिष्याच्या पायाखालची जमीन सरकली. चूक झाली होती, कबूल. पण भाषा येत नाही? "काका, माझ्या पोटावर पाय का देता?" त्यानं रडकुंडीला येऊन विचारलं.

"उद्या सकाळी चहाचा ट्रे घे आणि माझ्याबरोबर चल," रखमाजी म्हणाले.

सकाळी त्यांनी त्या जोडप्याच्या खोलीचं दार वाजवलं. म्हाताऱ्यानं उघडलं, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. रखमाजींनी आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं आणि शिष्याला पुढं केलं. "मला आपली भाषा समजते, हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं," शिष्य म्हणाला. "चुकलो. क्षमा करा." म्हाताऱ्यानं मान हलवली. बाई खिडकीशी पाठमोरी बसली होती.

मग रखमाजींनी विचित्रच केलं. ट्रेमधला चमचा उचलला, बाईसमोर धरला आणि आपल्या रोखठोक मराठीत म्हणाले, "बाईसाहेब, चमचा."

बाईनं वळून पाहिलं. "चम... चा?"

"चमचा. आणि हे पाणी."

"पानी."

म्हाताऱ्यानंही म्हणून पाहिलं, तर त्याचं बाईपेक्षा वाईट निघालं. बाईनं त्याला दुरुस्त केलं! मग ती हसली. म्हातारा तिच्याकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. अर्धा तास ती खोली पहिलीच्या वर्गासारखी गजबजली होती. चहा पार गार झाला.

बाहेर आल्यावर शिष्य म्हणाला, "काका, त्यांना स्वतःची भाषा आठवेना, आणि तुम्ही वर मराठीचं ओझं देता?"

रखमाजी जिन्याच्या पायरीवर बसले. "लेकरा, आपल्या भाषेतला शब्द हरवला की माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो. परक्या भाषेत कसली लाज? तिथं विसरलं तर माणसं हसतात आणि पुन्हा सांगतात. माझी ती चित्रं काढणारी बाई दर हिवाळ्यात 'कडुनिंब' विसरून यायची, आणि मी दर हिवाळ्यात तो नव्यानं सांगायचो. अकरा वेळा सांगितला. बाराव्या हिवाळ्याला ती आली नाही." त्यांनी अंगणातल्या कडुनिंबांकडे पाहिलं. "मी आल्याआल्या सांगतो ना, भाषा समजते म्हणून, ते मिरवायला नव्हे. ती दाराची कडी वाजवणं आहे. आत माणूस आलाय हे पाहुण्याला कळू दे, मग काय बोलायचं ते तो ठरवील. तू कडी न वाजवता चार दिवस आत उभा होतास. शब्द तुझा बरोबर होता रे. पण मला सांग, म्हातारा चमचा धरून थांबला होता. त्याला का तो शब्द ठाऊक नव्हता?"

शिष्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

जोडप्याचा मुक्काम संपायच्या दिवशी ती दोघं पुन्हा सहा नंबरला येऊन बसली. शिष्यानं नमस्कार करून सांगितलं, "मला आपली भाषा समजते." बाईनं त्याच्याकडे नव्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. तिला आठवत नव्हतं. म्हाताऱ्याला आठवत होतं, पण त्यानं शिष्याच्या मनगटावर नुसता हात ठेवला.

जेवण होत आलं तेव्हा बाईनं आपण होऊन चमचा उचलला आणि शिष्यासमोर धरला. तिला आपली मराठी दाखवायची होती. तिचे ओठ हलले. शिष्याला तो शब्द मायबोलीत ठाऊक होता, तिच्या भाषेत ठाऊक होता. गल्ल्यापाशी पिंगळेसाहेब हातवारे करत होते, अरे सांग ना, सांग! शिष्य पाण्याचा जग धरून उभा राहिला. वरचा पंखा कुरकुरत फिरत होता.

अखेर बाईचा चेहरा उजळला. चमचा उंच धरून ती म्हणाली, "पाणी!"

शिष्य वाकला आणि त्यानं तिच्या ग्लासात पाणी ओतलं.

बाईनं नवऱ्याकडे काय ऐटीत पाहिलं म्हणून सांगू! मागितलं, आणि मिळालं. मुदपाकखान्याच्या दारातून रखमाजी हे पाहत होते. ते सरळ गल्ल्याकडे गेले.

"साहेब, द्या तो कागद. आता येते."

शिष्य विमानानं गेला, पुढं आणखी दोन भाषा शिकला, पदं मिळाली, मान मिळाला. परतला तेव्हा रखमाजी नव्हते आणि कडुनिंबाचं एकच झाड उरलं होतं. तुम्हीही भाषा शिका, खूप शिका, त्यांच्या जोरावर दूर जा. मात्र कुणाच्याही भाषेत शिरताना आधी कडी वाजवा.

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्या शेवटच्या पानावर 'चमचा' असं लिहिलेलं आहे, आणि त्यासमोर अर्थ लिहिला आहे, 'पाणी'.